आगमनातली घरसभा

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब देवळात घरसभांची, म्हणजे घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनांची, यादी वाचत. नाव ऐकून कुणी उठलं नाही, की होकार धरायचा, अशी मंडळीची रीत. अठ्ठ्याहत्तर साली 'शुक्रवार, सावळीराम गांगुर्डे' असं ऐकू आलं आणि त्याची बायको विमलाबाई बाकाला खिळून बसली.

"कुणाला विचारून?" सातपूरच्या कारखान्यातल्या पाळीवरून घरी आलेल्या सावळीरामनं डबा आपटला.

"अहो, तुमचं नाव अजून मंडळीत आहे."

"मग येऊ दे. सगळ्यांसमोर विचारतो, माझं पोर का नेलं? आधी उत्तर द्या म्हणावं, मग चहा प्या."

त्यांचा एकुलता एक गेणू मागच्या डिसेंबरात तापानं गेला होता. तेव्हापासून सावळीराम देवळाची पायरी चढला नव्हता. विमलाबाई मात्र दर रविवारी जाई आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गाई.

शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतून गाणं जवळ येऊ लागलं, तशी तिनं सतरंजी पुन्हा सरळ केली. सावळीराम खाटेवर बसून दाराकडे एकटक बघत होता.

माणसं सतरंजीवर दाटीनं बसली. म्हातारी यशोदाबाई शिरता शिरताच म्हणाली, "सावळ्या, दाढी तरी करायचीस! नाताळ आलाय का उपास?" कुणीतरी हसलं. सावळीराम हसला नाही.

शास्त्रपाठ, म्हणजे बायबलातला उतारा, घरधन्यानं वाचायचा. पाळकसाहेबांनी पुस्तक त्याच्या हातात दिलं. भाग जखऱ्या याजकाचा होता. म्हातारपणी त्याला मूल होणार, ही देवदूताची बातमी. सावळीराम मुलाच्या वचनापाशी आला आणि थांबला. विमलाबाईनं डोळे मिटले. आता विचारणार.

पण त्याचे ओठ नुसतेच हलत राहिले. पाळकसाहेब पुढचं वाचायला वाकले.

"थांबा," विमलाबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "त्यांना विचारायचंय. मलाही विचारायचंय. जखऱ्याला म्हातारपणी दिला. मग मला दिलेला का नेला?"

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, तसा यशोदाबाईनं त्यांच्या बाहीला हात घातला. "राहू द्या, साहेब. मी दोन मुलगे पुरले. मला अजून कळलेलं नाही."

मग पाळकसाहेबांनी गुडघे टेकले. बाकीच्यांनीही टेकले. प्रार्थना कुणीच म्हणेना. सावळीराम खाटेवरून उतरून विमलाबाईशेजारी आला.

"त्याचं नाव तू घे," तो पुटपुटला. "माझ्यानं घेववत नाही."

"प्रभू, आमचा गेणू," ती म्हणाली. पुढं तिला काही सुचेना, आणि कुणी सुचवलंही नाही.