एकोणीस चेहऱ्यांची सही

हिवरखेडच्या बाजारात तानुबाईकडे लिंबं घ्यायला येणारी माणसं सध्या आधी विमानाची चौकशी करतात आणि मग भावाची. चौसष्ट वर्षांची ही बाई, लांबचा प्रवास म्हणजे कौंडण्यपूरची यात्रा, तीही दोनदाच. आता ती दिल्लीला उडणार होती. तिथल्या एका संस्थेनं घरगुती लोणच्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. आमच्या लिंबू उत्पादक गटानं नमुने पाठवले, आणि तानुबाईचं लोणचं चाखून तिकडून मेल आला की लोणचं घालणारीलाच पाठवा, विमानाचं तिकीट आमच्याकडून. अट एकच. गटाच्या नोंदलेल्या मेलवरून तिचं नाव, वय आणि फोटो शुक्रवारी पाचच्या आत पोचला पाहिजे. उशीर झाला तर जागा दुसऱ्या गटाला.

या गटात शेतकरी एकशेचाळीस, पदाधिकारी पंधरा आणि पगारी माणूस एक. तो एक म्हणजे मी, मंजुषा. मी आठवडाभर अचलपूरला भावाच्या लग्नात नाचत होते. तेवढ्यात आमचे अध्यक्ष देवीदासजी यांनी मेल वाचला, गावभर सांगितला आणि उत्तर द्यायचं काम माझ्यासाठी राखून ठेवलं.

शुक्रवारी तीन वाजता बसमधून उतरले ती थेट ऑफिसात. तानुबाई नवं लुगडं नेसून आधीच खुर्चीवर बसलेली. जणू विमान आमच्याच दारातून सुटणार होतं. मी कॉम्प्युटर लावला, मेलचा प्रोग्राम उघडला, ‘नवीन मेल’वर क्लिक केलं आणि ‘महोदय’ लिहायला घेतलं. ‘मह’पर्यंत आले आणि सगळं जागच्या जागी थिजलं. बाण गेला, त्याच्या जागी गोल चक्र आलं आणि फिरत बसलं.

बंद केला, चालू केला. आमचा कॉम्प्युटर चालू व्हायला सहा मिनिटं घेतो. पुन्हा ‘मह’, पुन्हा चक्र.

आलेले मेल झकास उघडत होते. जुने वाचता येत होते, शोधता येत होते. लिहायला बसलं की मात्र गडी आडवा. मग मोबाईलवरून का नाही पाठवला, असं कोणीही विचारेल. त्यासाठी पासवर्ड लागतो आणि तो गटात कोणालाच ठाऊक नाही. नवा मागवावा तर तो जातो आधीच्या अध्यक्षांच्या नंबरवर, आणि त्यांचा मोबाईल दोन वर्षांपासून त्यांच्याच विहिरीच्या तळाशी आहे.

शेवटी मी आमच्या गावच्याच कुलदीपला फोन लावला. हा सगळा पसारा त्यानंच मांडून दिला होता आणि आता तो पुण्यात नोकरीला आहे. त्यानं एकेक उपाय सांगितला. स्पेलिंग तपासणारं बंद कर. केलं. प्रोग्रामला जोडलेली जादाची अवजारं काढून टाक. टाकली. सेफ मोडमध्ये उघड. उघडला. दर वेळी ‘मह’. साडेचार होत आले होते आणि मी त्या यंत्राला असे काही शब्द बोलले की तानुबाईनं पदर तोंडाला लावला.

“थंड्यानं कर, पोरी,” ती म्हणाली. “गाय बी घाईनं पान्हा सोडत नाई.”

तिच्या त्या शांतपणानं तर मला आणखीच घाम फुटला. इतक्यात देवीदासजी आले. मी हात टेकून नुसती बसले होते, आणि चक्राला फिरू दिलं तेवढ्या वेळात पडद्यावर खालच्या बाजूला काहीतरी सरकलं. आधी एक गुलाबी पट्टी आली. हळूहळू खाली वाढत तिचा फेटा झाला. फेट्याखाली कपाळ आलं, भुवया आल्या, काळा चष्मा आला, आणि दोन मिनिटांनी मिशी आली. मिशीखाली देवीदासजी पूर्ण झाले.

“पाह्य, पाह्य,” ते हरखून म्हणाले, “मीच दिसून राहिलो.”

त्यांच्या शेजारी दुसरा फेटा उगवायला लागला होता.

मी फोनवर कुलदीपला हे फेटे सांगितले. तेव्हा तो कबूल झाला. होळीला तो गावी आला तेव्हा देवीदासजींनी त्याच्याकडून मेलखालची सही नवी करून घेतली होती. आमच्याकडे पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला तरी पोराचा चेहरा एक आणि शुभेच्छुकांचे चाळीस. त्याच हिशेबानं या सहीत पंधरा पदाधिकारी, तीन मार्गदर्शक आणि एक माजी अध्यक्ष, असे एकोणीस चेहरे, नव्या मोबाईलवर काढलेले, जसेच्या तसे भलेमोठे. नवीन मेल उघडला की आधी ही सगळी मंडळी आत येऊन बसणार, मग मी लिहिणार. होळीपासून कोणी मेल लिहिलाच नव्हता, म्हणून कळलंही नव्हतं.

मला हसू आवरेना. पोट दुखेपर्यंत हसले. देवीदासजी मात्र गंभीर झाले. कोणाचा फोटो वर नि कोणाचा खाली, यावर दोन बैठका झाल्या होत्या. एक जण रुसून तेल्हाऱ्याला भावाकडे जाऊन राहिला होता. फोटो काढले तर गट फुटेल, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी तोड सुचवली की अठरा काढ, एक ठेव.

“भाऊ,” मी म्हणाले, “पाचले वीस कमी हायेत. तुमाले दिल्लीले तुमचा फोटो उडवाचा हाये, का तानुमावशीले?”

ते तानुबाईकडे बघत राहिले. तिनं नवं लुगडं गुडघ्यावर नीट केलं. “काढ बाप्पा,” ते पुटपुटले, “मलेबी काढ.”

सहीच्या खिडकीत जाऊन काढावी तर ती खिडकीही थिजली. कुलदीपनं फोटोंची फाइल ठेवलेली जागा सांगितली आणि मी एकोणीस जणांना एका दमात कचऱ्यात टाकलं. ‘नवीन मेल’ फटकन उघडला. सहीत नावं तशीच राहिली होती, पण प्रत्येक चेहऱ्याच्या जागी रिकामी चौकट आणि तिच्यात लाल फुली. देवीदासजींनी डोळे मिटून घेतले. मी नावंही पुसली.

‘महोदय’ लिहिलं. पूर्ण! नाव लिहिलं, वय लिहिलं. आणि फोटो जोडायला गेले तर हातच थांबला. कॉम्प्युटरमध्ये एकोणीस जणांचे फेटे होते, उद्घाटनं होती, सत्कार होते. तानुबाईचा फोटो एकही नव्हता. प्रत्येक कार्यक्रमाला ती बाजार आटोपून यायची, तोवर फोटो काढून झालेले असायचे. देवीदासजीही माझ्याबरोबर शोधत होते. मला वाटतं, त्यांना बरंच काही कळलं, कारण ते स्वतः उठले, तिची खुर्ची उचलून दारातल्या उजेडात ठेवली आणि म्हणाले, “बसा बाई. वर पाहा.”

मी मोबाईलवर फोटो काढला, लहान केला, वायरनं कॉम्प्युटरवर घेतला, जोडला आणि पाठवला. चार वाजून छप्पन्न मिनिटं. मेल गेला! मी टेबलावर चढून नाचायचं तेवढं बाकी होतं.

सात मिनिटांत उत्तर आलं. देवीदासजींनी ते मोठ्यानं वाचलं. जागा पक्की, तिकीट उद्या, खिडकीजवळची सीट. मी टाळ्या वाजवल्या. तानुबाई मात्र हलली नाही. दुपारभर दगडासारखी शांत बसलेली ती बाई आता पदरानं पुन्हा पुन्हा तोंड पुसत होती. मी विचारलं, काय झालं मावशी.

“काई ना काई आडवं येते, पोरी. आजवर येतच आलं,” ती म्हणाली. “याही टायमाले येईनच, असंच मी धरून चालली होती. म्हनून तं बिनधास्त साऱ्या गावाले सांगत फिरली. आता खरंच जा लागते का वं?”

“जा लागते,” मी म्हणाले.

मी तिचा हात धरला. ती हसत होती. मला इतका आनंद झाला की मी आपली रडायलाच लागले.