खळीत भाजलेला हात

सुताला लावायची खळ चुलीवर उकळत होती. पातेलं कलंडलं आणि रुख्मिणीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. हात सुजला, काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या.

"फोडून टाका वं," शेजारीण म्हणाली.

"माहा पोरगा जिता हाये. सवाष्णीच्या बांगड्या फोडू?" सासू रंभाबाईंनी हळदीचा लेप लावून फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी बोटं सुन्न पडली, तेव्हा दोघी उमरेडहून एसटीनं नागपूरला आल्या.

दवाखान्यात आधी बांगड्या कापल्या. हात धुतला, तरी हळदीचा पिवळा रंग जाईना. मेलेली कातडी कुठली आणि जिवंत कुठली, डोळ्यांना कळेना. उद्या ऑपरेशन होतं.

डॉक्टर मेघा यांनी डाव्या हाताच्या शिरेत हिरवं औषध टोचलं. "हे रक्तातून फिरतं. रक्त पोचतं तिथं कॅमेऱ्यात उजेड दिसतो. जिथं काळं, तिथं रक्त नाही. उद्या तेवढंच काढायचं."

"मले दोन बोटं ठेवा," रुख्मिणी म्हणाली. "अंगठा अन् हे बाजूचं. मागावरचा तुटला धागा सांधाले पुरते. बाकीचे गेले तं भांडे आत्याबाई घासतील." तिनं सासूकडे पाहिलं.

रंभाबाई हसल्या नाहीत.

खोलीतला दिवा मालवला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपर उजळलं, मग मनगटाची एक बाजू. उजेड हळूहळू अंगठ्यात चढला. पुढे सरकेना.

"थांबा ना बाई, येऊन राहिलं असन," रंभाबाई म्हणाल्या. डॉक्टर थांबल्या. पाच मिनिटं झाली. रंभाबाईंनी उठून पदरानं पडदा पुसला. चारही बोटं काळीच राहिली.

"बांगड्यांनं झालं काय?"

डॉक्टरांनी दिवा लावला. "सुजलेला हात आवळला की रक्त अडतं, आजी. भाजलंही खोल होतं. पण बांगड्या त्याच दिवशी काढायला हव्या होत्या."

रंभाबाई खाली बसल्या. डॉक्टरांनी पेननं अंगठ्याच्या कडेनं रेघ ओढली. उद्या कापायचं ते रेघेच्या पलीकडचं. मग संमतीचा कागद वाचून दाखवला आणि शाईचं पॅड पुढे केलं.

रुख्मिणीनं डावा अंगठा शाईत बुडवला.

"मले सही येते, बाई," ती म्हणाली. "तसं लिहून ठेवा तिथं."