कानावाची रोपं आणि तेलाओचं डुक्कर

उधाणाने किनाऱ्यावरची कानावाची दोन्ही जुनी झाडं उन्मळून नेली, त्या वर्षी वालिसीने पुळणीवर पडलेली फळं वेचली. नारळाच्या सोडणात रुजवली. रोपं वीतभर झाली तशी घरामागे, लाटा फुटतात त्या काठालगत, काठ धरून राहावा म्हणून ओळीने लावली आणि वरून झावळ्यांची सावली केली. टाकीतल्या पावसाच्या पाण्यातलं आपल्या वाट्याचं तांब्याभर ती त्यांना घालायची.

"समुद्र चढतोय म्हणून सगळं बेट ऑकलंडला निघालंय आणि ही झाडं लावतेय!" शेजारचा तेलाओ म्हणाला. तो चर्चचा कारभारी, वायतुपू बेटावरचा वजनदार माणूस. त्याची डुकरं मोकाट. एका सकाळी त्यांनी सगळी रोपं उकरून टाकली.

वालिसीने पुन्हा लावली. डुकरांनी पुन्हा उकरली.

"डुकरं कोंडा, दादा," ती सांगायला गेली.

"डुकराला काय कळतं, कुठलं झाड आणि कुठलं गवत?"

"त्याला नसेल कळत. तुम्हाला?"

तेलाओ नुसता हसला. तिसऱ्यांदा रोपं गेली, तेव्हा तिने त्याच्या डुकरांतलं सर्वांत धष्टपुष्ट डुक्कर पकडून आपल्या घराच्या खांबाला बांधलं आणि तडक सभाघर गाठलं. वडीलधारे पुरुष खांबांना टेकून बसले होते. ती मधोमध उभी राहिली.

"इथे बायका बोलत नसतात," तेलाओ गुरकावला.

"माझ्या आवारात डुकरं येत नसतात. पण येतात ना?"

कोणीतरी खोकल्यात हसू दडवलं.

"शनिवारपर्यंत कुंपण घाला," वालिसी म्हणाली, "नाहीतर रविवारी भट्टी पेटवते."

"तुझी छाती नाही व्हायची!"

कुंपण झालं नाही. रविवारी तिने जमिनीतली भट्टी पेटवली, डुक्कर भाजलं आणि सगळ्या गावाला जेवायला बोलावलं. परंपरेप्रमाणे मानाचा वाटा, मुंडकं, केळीच्या पानावर तेलाओच्या दारी पाठवला. तो लालबुंद होऊन धावत आला.

"चोरटी!"

"दादा, आधी जेवा. मग भांडू. पुलाका थंड होतोय."

लोक त्या कंदाचे घास तोंडात धरून हसू आवरत होते. तेलाओ जेवला नाही, पण त्याच आठवड्यात त्याने उरलेल्या डुकरांसाठी कोंडवाडा बांधला.

पुढच्या उधाणात खाऱ्या पाण्याने निम्मी रोपं करपली. ऑकलंडहून मुलीचा फोन आला, "आई, आता तरी ये गं."

"इथे रिकामे खड्डे पडलेत, ते भरायचेत," वालिसी म्हणाली आणि नवी फळं वेचायला गेली.

तगलेल्या झाडांपैकी एकाला चौथ्या वर्षी फुलांचा पहिला शेंदरी गुच्छ लागला. तो तिने कानामागे खोवला आणि ती चर्चमध्ये गेली. दारात तेलाओ उभा होता. मान वळवून त्याने विचारलं, "माझ्या बाजूच्या काठावरही ही रोपं लागतील का गं?"

"लागतील," ती आत शिरत म्हणाली. "पाणी तुमचं तुम्ही घालायचं."