विहीणबाईंचा आवाज तोडणारा मी

मला बघायचं म्हणाल तर जमणार नाही. मी एक नियम आहे, पाच ओळींचा. कुळगावात सुंदराबाईंच्या घरी टीव्हीखाली एक जुना कॉम्प्युटर आहे, घरातलं सगळं नेट त्याच्यातून जातं. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा अगदी आतला गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तिथे माझा मुक्काम.

नेटवरून बोललं की आवाजाचे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकावर पत्त्याची चिठ्ठी. मी चिठ्ठी वाचून ठरवतो, कोण पुढे जाणार, कोण थांबणार. आत काय भरलंय, ते मी उघडून बघत नाही. घरात स्पीकर चालू असतो, तेवढं ऐकतो.

२००७ साली मला लिहिलं सुंदराबाईंच्या मुलाने, धम्मदीपने. त्याची बहीण प्रीती ऑस्ट्रेलियात, पोटुशी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते तिकडेच ठरलं. सोबतीला सासू गेली. रविवारी नेटवर फोन लागायचा आणि धम्मदीपच्या पिक्चर डाउनलोडमुळे आवाज तुटायचा. म्हणून मी आलो. आवाज आधी, पिक्चर नंतर.

आवाज इतका साफ झाला की विहीणबाई, म्हणजे शीलाताई, माइक सोडेनात. तिकडची भेंडी, तिकडचं ऊन, शेजारणीचं कुत्रं. मुलीच्या आईने त्यांना मध्येच थांबवायचं तरी कसं?

"आधीच बरं होतं रे," सुंदराबाई म्हणाल्या. "तुटलं की त्या प्रीतीला हाक मारायच्या, बघ गं काय झालं. मग पोरगी बोलायची तरी."

"मग तोडू का?"

"फक्त त्यांचं."

"आई, त्या नियमाला माणूस नाही कळत."

"मग मला बटण दे. मला कळतो."

सहावी ओळ लागली. सुंदराबाईंनी कीबोर्डवरचं एफ-नाइनचं बटण दाबलं की जाणारं-येणारं प्रत्येक दुसरं पॅकेट मी फेकायचो. तिकडे हॅलो-हॅलो, मग प्रीतीला हाक. ती आली की परत एफ-नाइन, माझं फेकणं बंद. मायलेकी निवांत बोलायच्या. मला तर स्वतःचा अभिमानच वाटायचा.

मग एका रविवारी शीलाताईंचा फोन. "जय भीम सुंदराताई, ऐका..."

सुंदराबाईंनी सवयीने बटण दाबलं.

"प्रीती... हॉस्पि... डॉक्टर म्ह..."

"काय झालं? प्रीतीला द्या!"

प्रीती नव्हतीच तिथे. सुंदराबाई घाबरून एफ-नाइन दाबत सुटल्या. दोनदा दाबलं की मी परत होतो तसाच. मी फेकत राहिलो. माझं काम मी बरोबरच करत होतो, हेच वाईट.

शेवटी एकदाच दाबलं गेलं.

"...दोघी ठणठणीत आहेत, म्हटलं. नात झाली. तुमच्यावर गेलीय, मी बोलायला लागले की भोकाड पसरते."

सुंदराबाई रडल्या, हसल्या. मग दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्या. "पहिल्यापासून सांगा, ताई. सगळं सांगा." शीलाताईंनी खरंच सगळं सांगितलं.

संध्याकाळी धम्मदीपने ती ओळ काढली. पण डिस्कवर सेव्ह करायचं विसरला. तिथे अजून बटणवालाच मी आहे, मशीन बंद होऊन चालू झालं की तोच उठणार. म्हणून लाइटवाल्यांना हात जोडून विनंती, रविवारी तरी कुळगावचे लाइट घालवू नका.