कुंकवामागचा काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. सिन्नरच्या रंगनाथच्या जीपमध्ये, स्टिअरिंगमागच्या काचेआड राहतो आणि इंजिन किती तापले ते दाखवतो. कारखान्यात मला बसवणाऱ्याने एवढेच बजावले होते, की मधोमध राहा. एकोणीस वर्षे राहिलो. मधोमध राहणाऱ्याकडे कुणी पाहत नाही, म्हणून स्वभाव काळजीचा झाला.

यंदा दसऱ्याला रंगनाथच्या आईंनी, सगुणाबाईंनी, जीपची पूजा केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. स्टिअरिंगला लावायचा टिळा माझ्या काचेवर, धोक्याच्या लाल रेषेवरच बरोब्बर उमटला. आईंनी लावलेले कुंकू पुसायचे कुणी? डिसेंबर आला तरी ते तिथेच.

त्याच महिन्यात एका सकाळी नाशिकला सगुणाबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. अकरापर्यंत हजर नसाल तर नंबर थेट दोन महिन्यांनी, असे दवाखान्याने सांगितलेले. आदल्याच दिवशी चंदर मिस्त्रीने जीपचा थर्मोस्टॅट बदलला होता. इंजिन तापले की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा हा छोटा दरवाजा. जुना उघडेनासा झाला होता. नवा बसला तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला. जरा घाईच केली.

घाट उतरलो आणि मी वर सरकू लागलो. मला सरकायचे नव्हते, पण खोटे बोलायची आमच्यात पद्धत नाही. सरकत सरकत थेट कुंकवामागे गेलो.

मागून सगुणाबाई म्हणाल्या, "रंगा, लय गार वारं येतंय. गरम हवा लाव ना."

"कधीची लावलीय, आई."

"मंग ही काय फ्रिजातली हाय का?"

पुढे बसलेल्या नातीने, हर्षालीने, वाकून कडेने पाहिले. "पप्पा, काटा कुंकवामागं गेलाय!"

"कालच नवा थर्मोस्टॅट टाकलाय. काटाच म्हातारा झालाय." रंगनाथने काचेवर टिचकी मारली. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेली ही एकमेव दाद.

"काटा गरम म्हणतो नि हीटर गार फुंकतो. चंदरकाकांना विचारा की!" म्हणत तिनेच फोन लावून स्पीकरवर ठेवला.

चंदर ओरडला, "आधी गाडी बंद कर! पाण्याच्या नळ्यांतली हवा काढायची राहिली, म्हणून गरम पाणी हीटरला पोचंना. सकाळी काढू म्हणलो होतो, तू सकाळी थांबलाच कुठं? आन् गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नको, तोंड भाजंल."

रंगनाथने जीप कडेला घेऊन बंद केली. साडेआठ वाजले होते. इंजिन निवायला पाऊण तास तरी हवा. सगुणाबाई पदराचे टोक पिळत बसल्या. "गाडी जळाया नको रे. डोळ्याचं काय, आजून दोन महिने चाचपडीन." रंगनाथने बॉनेट उघडून ठेवले.

इंजिन गार झाल्यावर, चंदरने फोनवर सांगितले तसे, त्याने जीपचे तोंड एका शेतरस्त्याच्या चढावर केले. झाकण उघडून इंजिन सुरू ठेवले, हीटर पूर्ण सोडला. रेडिएटरमधून बुडबुडे येऊ लागले. हर्षाली जीपमधल्या कॅनमधून कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणी, थोडे थोडे ओतत होती. मी वर, खाली, पुन्हा वर. थरथरत होतो, ते इंजिनामुळे नव्हे.

"आलं गं गरम!" मागून आवाज आला. ज्यांना दिसत नव्हते त्यांना सर्वांत आधी कळले. बुडबुडे थांबले. मी मधोमध आलो. अकराला दहा कमी असताना जीप दवाखान्याच्या दारात होती.

आठवड्याने तपासणीहून परतताना सगुणाबाई पुढे बसल्या.

"हे लाल काय रे?"

"तुझंच कुंकू, आई."

"आन् तुम्ही येवढे डोळ्यांचे, पुसलं नाय?" त्यांनी पदराने काच लख्ख केली.

मित्रांनो, पूजा जरूर करा, पण काच मोकळी ठेवा. नवा भाग टाकला तर आतली हवा काढल्याशिवाय निघू नका. आणि अधूनमधून माझ्याकडे पाहत जा. सगुणाबाई आता पुढेच बसतात आणि माझ्यावरून नजर हलवत नाहीत.

मला त्याचेही जरा दडपणच येते.