ठेवणीतले बूट

आईच्या बॅगेत बुटांखेरीज सगळं भरून झालं होतं. बूट शेवटी, कारण ते ठरलेलेच होते. निदान आईच्या मनात तरी.

हॉस्पिटलच्या धुलाई विभागातून निवृत्त झाल्यावर आईनं पहिली गोष्ट काय केली, तर आत्याला घेऊन क्रूझला जायचं ठरवलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा गेले तेव्हा मी नीट चालतही नव्हते. आईची पाळी पहाटेची. मला उठवायचं, वेणी घालायची, डबा देऊन शाळेत सोडायचं, हे सगळं आत्यानं आपणहून अंगावर घेतलं, ते मी कॉलेजात जाईपर्यंत. "त्यांचे उपकार फिटायचे नाहीत," आई म्हणायची, "पण त्यांना जहाजात तरी बसवू." जहाज वाटेत एका बंदराला लागणार होतं आणि तिथं दगडी चढण चढून दीपस्तंभ बघायचा होता. आत्याचा सगळा जीव त्या दीपस्तंभात अडकला होता.

आणि आईचा जीव बुटांत. एकदा धुलाईखान्याच्या ओल्या फरशीवर घसरून तिचा घोटा मुरगळला होता, तेव्हा आत्यानं तिला ते आणून दिले होते. तपकिरी चामड्याचे, जाड मऊ तळव्याचे. ओल्यात घालायला आणलेले बूट आईनं ओल्यात खराब होतील म्हणून कधीच घातले नाहीत. दरवर्षी डबा कपाटावरून खाली यायचा, बूट पुसले जायचे, पुन्हा कागदात गुंडाळून वर जायचे. कामावर तिचे ते जुने काळे रबरी बूटच.

"दीपस्तंभापाशी ताई बघतीलच माझ्या पायांकडे," आई म्हणाली. "त्यांना बरं वाटेल गं."

मी प्लास्टिकच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. न वापरलेली वस्तू थेट प्रवासाला न्यायची नाही, असं माझं मत आहे. "आधी घरात घालून चाल," मी म्हटलं.

"बुटांचीही परीक्षा? आणि नापास झाले तर?"

"तर बरंच झालं, घरातच झाले."

आई हसत हसत नाड्या बांधून उठली. स्वयंपाकघरापर्यंत ऐटीत गेली. तिच्यामागे फरशीवर करड्या रंगाचा चुरा पडत होता, बिस्किटाच्या डब्याच्या तळाशी असतो तसा. ती वळली आणि डाव्या बुटाची टाच उंबऱ्याशीच राहिली.

आई खाली बसली. टाच हातात घेतली, तर ती बोटांत कुस्करली गेली.

"असं कसं? एकदाही घातले नाहीत!"

मी सांगितलं, की असला मऊ तळवा हवेतल्या दमटपणानं आतून हळूहळू तुटत जातो. डब्यात बंद ठेवलं तरी ते थांबत नाही. वरचं चामडं मात्र ठणठणीत होतं. एरवी मी यावर आणखी बोलले असते. पण आईनं ऐकलंच नव्हतं. ती ड्रॉवरमधून गोंदाची नळी शोधत होती.

"आई, चिकटवायला खाली काही उरलंच नाहीये."

"तू गप्प बस. ताई आज संध्याकाळी येतायत. त्यांना काय सांगू? तुम्ही प्रेमानं दिलेत आणि मी कपाटावर कुजवले?" ती टाचेच्या चुऱ्यावर गोंद पिळतच होती. दोन बोटं एकमेकांना चिकटली होती, तेही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

आत्या संध्याकाळऐवजी दुपारीच आली. दारातूनच तिला चुरा दिसला, मग बूट, मग आईची बोटं.

"काय गं शास्त्रज्ञ, आईला कशाला चिकटवलंस?"

मी काही बोलणार, तोच आई म्हणाली, "ताई, तुमचे बूट मी कधी घातलेच नाहीत. जपले, आणि जपता जपता त्यांची माती झाली. रागवा माझ्यावर."

आत्यानं एक बूट उचलला, उलटा करून बघितला. मला वाटलं, आता खरंच रागावणार.

"अगं बये," ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तू त्या ओल्या फरशीवर तशीच चालत होतीस? आणि मी घरी निवांत, की हिच्या पायांत चांगले बूट आहेत म्हणून!"

"काळे बूट होते की. ते नाही घसरत. तेव्हा घसरले ते घाईमुळे—"

"कसली?"

"तुमच्याकडे पोर सोडून आले होते ना. घरी पळायची घाई."

आत्या हसली, मग आईही. मी कोमट साबणाच्या पाण्यात आईची बोटं सोडवली. आत्यानं बूट पिशवीत टाकले आणि आम्हा दोघींना बाहेर काढलं.

कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्तीच्या दुकानातल्या काकांनी चामडं दाबून बघितलं. "वरचा भाग छान आहे. रबरी तळवा लावून देतो. उद्या या." मी रबराचा नमुना वाकवून, नखानं टोचून बघितला. आत्या म्हणाली, "चाटूनही बघ."

दुसऱ्या दिवशी काकांनी बूट काउंटरवर ठेवले. आईनं पिशवी उघडली.

"पिशवीत कशाला?" आत्या म्हणाली. "घाल. आत्ता."

"अहो, बाहेर शेजारच्यानं पायऱ्या धुतल्यात, सगळं ओलं—"

"म्हणूनच."

आई बूट घालून बाहेर आली. चकचकीत ओल्या दगडांपुढे क्षणभर थबकली. मग पाय टाकला, दाबून बघितला, दुसरा टाकला. पाणी चामड्यावर उडालं. सवयीनं ती पुसायला वाकली आणि अर्ध्यातच सरळ झाली.

"ताई, घसरत नाहीत हो!"

"मला काय सांगतेस? आणून दिले तेव्हाच सांगितलं होतं." आत्यानं तिचा दंड धरला. "आता जरा हळू चल. बूट तुझ्या पायांत आहेत, माझ्या नाहीत."

दोघी त्या पाण्यातून रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्या. रिकामी पिशवी घेऊन मी मागे. घरी आल्यावर आईनं काळे बूटही बॅगेत भरले. तपकिरी भरायचे राहिलेच, कारण ते तिनं पायांतून काढलेच नव्हते.