उजवं बोंड

विठोजी महिनाभर कुणाकडे बघत नव्हता. अर्धांगाच्या झटक्यानं उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि हेब्बाळच्या आपल्या घरात तो छताकडे डोळे लावून पडून होता. डॉक्टर म्हणाले, आवडीचं काही ऐकवा. त्याच्या बायकोनं, श्यामलेनं, अभंग लावून पाहिले, नातीचा आवाज ऐकवला. पालथ्या घड्यावर पाणी.

"विठूला काय आवडतं ते मला विचार," बिंदुमाधव म्हणाला. थोरला भाऊ तो. धाकट्याला काय आवडतं हे ठरवायचं खातं पहिल्यापासून त्याच्याकडेच होतं.

कॉलेजच्या दिवसांत मामांनी कुवेतहून चामराजपेटच्या घरी एक वॉकमन आणला होता, आणि त्याबरोबर एकच कॅसेट. चार इंग्रज पोरांचा सिंथ-पॉप. पेटी नाही, तबला नाही, सगळा कारभार सिंथेसायझरवर. आई म्हणायची, हे गाणं की पिठाची गिरणी! हेडफोनची पट्टी पहिल्याच आठवड्यात मोडली, तशी स्पंजाची दोन बोंडं दोघांनी वाटून घेतली. डावं अण्णाचं, म्हणजे बिंदुमाधवचं, उजवं विठूचं. गच्चीवर डोक्याला डोकं लावून त्यांनी तो अल्बम झिजवला. पुढे वॉकमन बिघडला, नोकऱ्या लागल्या, आणि पुन्हा ऐकणं राहूनच गेलं.

आता तो अल्बम फोनवर सापडला होता. बिंदुमाधवनं मुद्दाम वायरचे इयरफोन आणले होते.

"अण्णा, स्वल्प हळू लावा हं. दचकतात," श्यामला म्हणाली.

सवयीनं उजवं बोंड विठोजीच्या कानात गेलं, डावं स्वतःच्या. तिसरं गाणं लागलं आणि ती सुरावट आली! बिंदुमाधवचे डोळे भरून आले. विठोजी छताकडेच बघत होता.

"बिघडलं असेल ते," म्हणत त्यानं विठोजीच्या कानातलं बोंड काढून आपल्या उजव्या कानात घातलं, आणि डावं खाली ठेवलं. बिघडलं नव्हतं. ठक-ठक, ठक-ठक, मध्येच एक टाळी. गाणारा शेजारच्या घरात असावा इतका लांब. सुरावट नाहीच. ती सगळी डाव्या बोंडात. रेकॉर्डिंगच तसं होतं.

बिंदुमाधवनं ते बोंड कानातून काढून गादीवर टाकलं. पोरगा तेव्हा एवढंच ऐकत होता? "काय ट्यून आहे ना, विठू?" असं आपण दर वेळी विचारायचो आणि तो म्हणायचा, "भारी, अण्णा." थोरल्याच्या ताटातलं मागायचं नाही, ही घरची रीत. बोंडालाही त्यानं तीच लावली होती.

"घे रे. आता तू घे." त्यानं डावं बोंड विठोजीच्या कानात घातलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

विठोजीची नजर छतावरून उतरली आणि अण्णावर येऊन थांबली. त्याचा चांगला हात हळूहळू वर आला. त्यानं कानातलं बोंड उपटलं आणि चाचपडत अण्णाच्या डाव्या कानाशी आणलं.

"ओळखलं! अण्णा, ओळखलं तुम्हाला!" श्यामला रडायला लागली.

"नको रे, तू ऐक. तुझ्यासाठी आणलंय." बिंदुमाधवनं ते परत घातलं. विठोजीनं परत काढलं. पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. शेवटी बिंदुमाधवनंच ते आपल्या कानात राहू दिलं. सुरावट त्याच्या कानात वाजत राहिली. ती ऐकणं त्याला सोसत नव्हतं, आणि द्यावी तर घेणारा घेत नव्हता.

"विठू, खरं सांग. तुला आवडायचं का रे?"

विठोजीचे ओठ हलले. मग त्यानं गादीवर पडलेलं उजवं बोंड शोधलं आणि आपल्या कानाला लावलं.